चार वाजता घसरणाऱ्या फ्रेम

स्वरदा दाते रिक्षातून उतरली ती कॉम्प्युटरची जड कॅबिनेट पोटाशी धरूनच. दिंडोशीच्या वसाहतीतल्या त्या लहानशा दुकानाची पायरी चढेपर्यंत तिला धाप लागली होती.

“काकी, हा मरतोय,” ती म्हणाली. “आणि रविवारी मुलुंडला आमची मॅच आहे. हरलो तर टीम फुटली समजा.”

विमला परबने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. पंचावन्न वर्षांची बाई. गिरणी बंद पडल्यावर तिच्या वडिलांनी, गुणाजी परबांनी, याच जागेत रेडिओ दुरुस्तीचं टेबल टाकलं होतं. त्यांच्या हाताखाली ती सोल्डरिंग शिकली. रेडिओ गेले, टीव्ही गेले, आता कॉम्प्युटर येतात. टेबल तेच होतं.

“बस आधी. पाणी पी. काय होता ता नीट सांग गो.”

“फ्रेम पडतायत. एकशे चाळीस असतात, मध्येच पन्नासवर येतात.”

विमलाने मान हलवली. गेममध्ये पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो, तो हा आकडा. तो घसरला की चित्र अडखळतं. आणि स्वरदाच्या गेममध्ये अडखळणं म्हणजे मरणं. समोरचा दिसेपर्यंत त्याने गोळी झाडलेली असते.

“केव्हापासून?”

“तीन आठवडे झाले.”

“त्याच्या आधी मशीनला काय केलंस?”

“काही नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केला, बस. गेमने मागितला म्हणून. जुन्यावर गेम चालूच होत नाही.”

पडद्यावरची चित्रं काढणारं कार्ड ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, तो हा ड्रायव्हर.

“मॅचमध्ये पण पडतात?”

“तीन आठवड्यांत मॅचच नव्हती. प्रॅक्टिसमध्ये पडतात. मी इतकी घाण खेळतेय ना काकी, की मुली म्हणतात, रविवारी गंधालीला घ्या.”

गंधाली म्हणजे टीमची राखीव खेळाडू, स्वरदाची शाळेपासूनची मैत्रीण. दिवाळीत ती दोन दिवस दात्यांकडे राहायला होती. याच मशीनवर खेळली होती.

“तुला काय वाटतं?” विमलाने विचारलं.

स्वरदाने नजर खाली केली. “माझी जागा गेली तर ती कोणाला मिळणार? मी बोलणं बंद केलंय तिच्याशी.”

“आणि टीम हरते कधीपासून?”

“दिवाळीपासून. आम्ही डावीकडून घुसायचं ठरवलं की समोरचे आधीच तिथे टपून बसलेले असतात. वाट लागली आमची.”

विमलाने वहीत दोन ओळी लिहिल्या. फ्रेम, तीन आठवडे. हार, दिवाळीपासून. आता जानेवारी अर्धा सरला होता. दुसऱ्या ओळीखाली तिने रेघ मारली. मशीन मंद व्हायच्या कितीतरी आधीपासून टीम हरत होती.

तिने कॅबिनेट उघडली. धूळ नाही, पंखे ठीक, तापमान ठीक. कार्ड काढून पाहिलं, पुन्हा बसवलं. गेम लावला. दोन तास झाले तरी आकडा एकशे चाळीसच्या खाली उतरेना.

दुपारी स्वरदाचा मोठा भाऊ आला. यज्ञेश. घरून काम करायचा आणि उरलेल्या वेळात बहिणीच्या टीमला शिकवायचा. बारा वर्षांचा असताना तो या दुकानात येऊन बसायला लागला होता. पहिला स्क्रू त्याने विमलाच्या हाताखाली सोडवला होता. तिला मूलबाळ नव्हतं. या पोराचा हात चांगला आहे, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

“काकी, कशाला वेळ घालवताय? कार्ड गेलंय. नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. सगळं पुसलं की झकास चालेल.”

“मी तुला काय शिकवलंय?”

तो हसला. “दुखणं सापडल्याशिवाय फॉरमॅट नाही.”

“मग?”

“रविवार आलाय ना काकी. तिचं टेन्शन बघवत नाही मला.”

“मशीन परत घेऊन जा. उद्या घरी येते,” विमला म्हणाली. “इथे नीट चालतंय. दुखणं तुमच्या घरात असणार.”

गुरुवारी तीन वाजता ती दात्यांच्या घरी पोचली. स्वरदाचे आईबाबा, नंदकुमार आणि उत्तरा, दोघंही ऑफिसात. यज्ञेश आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला. विमलाने आधी भिंतीतल्या प्लगचं व्होल्टेज मोजलं. ठीक. स्वरदाला एकटीनेच खेळायला लावलं. एकशे बेचाळीस. एकशे चाळीस. एकशे त्रेचाळीस.

“बघा ना, आता मुद्दाम नीट चालेल!” स्वरदा वैतागली.

“प्रॅक्टिस कधी असते?”

“मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार वाजता. आजही आहे.”

“मग थांबूया.”

चारला पाच मिनिटं कमी असताना टीम जमली. कानात मुलींचे आवाज सुरू झाले. आतल्या खोलीतून यज्ञेशही त्यांच्यात सामील झाला. डाव सुरू व्हायचा होता. आकडा एकशे एक्केचाळीस.

घड्याळात चार वाजले.

एकशे दहा. बहात्तर. एक्कावन्न.

“काकी!”

“खेळत राहा. माझ्याकडे बघू नको. आवाज करू नको.”

विमलाने दुसऱ्या पडद्यावर मशीनमध्ये काय काय चाललंय त्याची यादी उघडली. गेम होता. मुलींशी बोलायचं ॲप होतं. आणि त्यांच्याखाली एक साधंसं नाव होतं, आवाजाच्या सेटिंगसारखं. कोणीही दुर्लक्ष करावं असं. तो प्रोग्रॅम अर्ध्याहून जास्त प्रोसेसर खात होता. तिने इंटरनेटचा आकडा पाहिला. घरातून बाहेर जाणारा डेटा मघापेक्षा कितीतरी पट वाढला होता.

आवाजाची सेटिंग इतका डेटा बाहेर कुठे पाठवेल?

तिने तो बंद केला नाही. तो कुठून सुरू होतो ते शोधलं. मशीनमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप चालू होणाऱ्या कामांची एक यादी असते. त्यात ते नाव सापडलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार. पहिल्यांदा टाकल्याची तारीख दिवाळीच्या पाडव्याची.

प्रॅक्टिस संपली. स्वरदाने हेडफोन काढून टेबलावर आपटले.

“पाडव्याला घरात कोण होतं?” विमलाने हळूच विचारलं.

“आम्ही सगळे. आणि गंधाली.” स्वरदाचा चेहरा ताठरला. “मला माहीत होतं. काय केलंय तिने?”

“थांब. नोंदीत शनिवारचं काहीतरी वेगळं दिसतंय. गेल्या शनिवारी प्रॅक्टिस किती वाजता झाली?”

“शनिवारी? अकराला. सकाळी नऊला ठरलं, दोघींना दुपारी जमत नव्हतं म्हणून. ग्रुपवर मेसेज टाकला.”

“फ्रेम पडल्या?”

“पडल्या ना. अकरालाच पडल्या.”

“गंधाली होती?”

“नाही. ती कोल्हापूरला मामाकडे. फोन बंद पडला होता तिचा. मेसेज तिला रात्री दिसला. त्यावरूनही मी ग्रुपवर चिडले.”

“तू नऊ ते अकरा कुठे होतीस?”

“कॉलेजला. जर्नल द्यायचं होतं. धावतपळत पोचले अकराला.”

“आणि आईबाबा?”

“शुक्रवारपासून अलिबागला, लग्नाला. पण का?”

 तिने त्या कामाच्या नोंदी पुन्हा उघडल्या. शेवटच्या दोन ओळी तिने तीनदा वाचल्या. मग बाहेरून कोणी या मशीनमध्ये शिरलं होतं का, ते तपासलं. तशी एकही नोंद नव्हती.  क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. प्रोग्रॅम काढून टाकावा, कार्ड सैल होतं म्हणावं आणि घरी जावं. पोरगी रविवारी खेळेल. घर शाबूत राहील.

मग तिला कोल्हापूरला गेलेली ती दुसरी पोरगी आठवली.

“यज्ञेश,” तिने हाक मारली. “जरा बाहेर ये बाबा.”

तो आला. दोन पडदे उघडे पाहून दारातच थांबला.

“सापडलं?” त्याने विचारलं.

“सापडलं. बस.”

“मी उभाच बरा आहे.”

“स्वरदा, तुझ्या मशीनला काही झालेलं नाही,” विमला म्हणाली. “कार्ड चांगलं आहे. कोणी तुझ्या फ्रेम पाडत नव्हतं. तसं कोणाच्या मनातही नव्हतं.”

“मग?”

“तुझा पडदा कोणीतरी रेकॉर्ड करून बाहेर पाठवत होतं. आवाजासकट. प्रत्येक प्रॅक्टिस. कुठून घुसायचं, कोणी कुठे थांबायचं, सगळं. दिवाळीपासून. तुम्ही हरायला लागलात तेव्हापासून.”

स्वरदाने तोंडावर हात ठेवला.

“पण फ्रेम तर तीन आठवड्यांपासून...”

“तेच मला बुधवारपासून छळत होतं. आधी ते रेकॉर्डिंग ग्राफिक्स कार्ड करायचं. त्यासाठी कार्डात वेगळी सोय असते, खेळाला धक्का लागत नाही. दोन महिने तुला कळलंसुद्धा नाही. मग तू नवा ड्रायव्हर टाकलास. हा प्रोग्रॅम जुना, त्याचं नव्या ड्रायव्हरशी जमेना. तेव्हा त्याने सगळा भार प्रोसेसरवर टाकला. गेमला प्रोसेसर उरेना. तू एकटी खेळतेस तेव्हा तो चालूच होत नाही, कारण तुझ्या एकटीच्या खेळात चोरण्यासारखं काही नाही. म्हणून माझ्या दुकानात काही दिसलं नाही.”

“गंधालीने टाकला?”

“मलाही वाटलं तसं. तारीख तिच्यावरच बोट दाखवत होती. पण तो प्रोग्रॅम चारला सुरू होतो, आणि शनिवारी फ्रेम अकराला पडल्या. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी वेळ बदलली. नोंद आहे इथे. शनिवारी सकाळी नऊ बेचाळीसला अकरा केली. दुपारी दोनला परत चार केली. बाहेरून कोणी शिरलेलं नाही. या खुर्चीत बसून, या कीबोर्डवर केलंय.” विमलाने चष्मा काढला. “गंधाली कोल्हापूरला. वेळ बदलल्याचं तिला माहीतच नाही. आईबाबा अलिबागला. तू कॉलेजात.”

 खाली वसाहतीच्या आवारात मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता.

स्वरदा सावकाश वळली. “दादा?”

यज्ञेशने भिंतीला पाठ टेकवली.

“शनिवारी मी कॉलेजला निघाले तेव्हा तू मला डबा भरून दिलास,” ती म्हणाली. “आणि मग इथे येऊन बसलास?”

“ऐक माझं...”

“नऊ बेचाळीसला मी बसमध्ये होते. तुला मेसेज केला होता, दादा टेन्शन आलंय. तू हृदय पाठवलंस. हार्टचं चिन्ह. हे करताना पाठवलंस की करून झाल्यावर?”

“कोणाला दिलंस?” विमलाने विचारलं.

“अंधेरीची टीम आहे एक.” यज्ञेश म्हणाला. “मोठी. त्यांना कोच हवा होता. मी म्हटलं, मी पाच मुलींना शून्यातून उभं केलंय. ते हसले. म्हणाले, तुझ्या मुलींबद्दल सगळं माहीत असेल तर दाखव. एकदाच द्यायचं होतं. मग ते मागत राहिले. काकी, सात वर्षं मी हिलाच पुढे करतोय. मलाही कुठेतरी पोचायचं होतं.”

“रविवारी समोर कोण आहे?”

 उत्तर स्वरदाने दिलं. “तेच. अंधेरीचे.”

“पण मी तुझ्या फ्रेमला हात लावला नाही, स्वरू,” तो घाईने म्हणाला. “शपथ. त्या का पडतायत ते मलाही आधी कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मी घाबरलो. तुझा खेळ मी कधीच बिघडवला नसता.”

“फ्रेम पडल्या नसत्या तर मला कधी कळलंच नसतं,” स्वरदा म्हणाली. “मी हरत राहिले असते आणि रोज तुलाच विचारत राहिले असते, दादा, माझं काय चुकतंय?”

त्याने विमलाकडे पाहिलं, लहानपणी वायर चुकीची जोडली की पाहायचा तसंच.

“माझ्याकडे बघू नको,” विमला म्हणाली. “तू मला म्हणालास, फॉरमॅट मारा. तुझा माग मी माझ्या हाताने पुसायला हवा होता तुला. एवढ्यासाठी शिकवलं काय रे मी तुला?”

तिचा स्वर चढला नव्हता. त्यानेच यज्ञेशची मान खाली गेली.

स्वरदाने डोळे पुसले. मग टीमचा ग्रुप उघडून सगळ्यांना एकदम कॉल लावला, स्पीकर चालू केला आणि फोन यज्ञेशसमोर टेबलावर ठेवला.

“सांग.”

“स्वरू, मी नंतर एकेकीला नीट...”

“आत्ता. सगळ्यांना. जे काकींना सांगितलंस ते.”

एकेक करून मुली आल्या. शेवटी गंधालीही. यज्ञेशने सांगितलं. अडखळत, मध्ये थांबत, पण सगळं सांगितलं. पलीकडून कोणीतरी शिवी दिली. कोणीतरी रडायला लागली.  यज्ञेश आतल्या खोलीत गेला. दार लावल्याचा आवाज आला.

“म्हणजे सगळे प्लॅन त्यांच्याकडे आहेत,” एकजण म्हणाली.

“हो,” स्वरदा म्हणाली. “आपल्याकडे शुक्रवार आणि शनिवार आहे. नवीन करायचे.”

“स्वरदा.” हा आवाज गंधालीचा होता.

“बोल.”

“तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीयेस. मला वाटलं, तुझ्या जागी मुली माझं नाव घेतात म्हणून राग असेल. तसं नव्हतं ना? तुला वाटलं हे मी करतेय.”

स्वरदाने एकदा विमलाकडे पाहिलं. विमला आपले पेचकस पिशवीत भरत होती. ही गोष्ट तिने सोडवायची नव्हती.

“हो,” स्वरदा म्हणाली. “मला तूच वाटलीस.”



“बरं,” गंधाली म्हणाली. “उद्या सकाळी सातला सगळ्या माझ्या घरी या. रविवारपर्यंत मी तुझ्यासोबत आहे. त्यानंतरचं मला माहीत नाही.”

आणि तिने फोन ठेवला.