उपाशीपोटीचा घोट

"पेला रिकामा, पण औषध रक्तात पुरतं उतरलंच नाही!" हाडांवर संशोधन करणारी डॉक्टरीण दारातूनच म्हणाली. "नर्सने ते ओतून दिलं, असा साहेबांचा संशय. संध्याकाळी तिला कामावरून काढायचंय. माझा जीव होत नाही हो."

"चोर सापडला की!" भाचा म्हणाला.

"तू जरा दमानं घे," गुप्तहेर मावशी म्हणाली. "औषध कसलं?"

"स्ट्रॉन्शियम. कॅल्शियमचा जुळा भाऊच म्हणा. शरीर फसतं, त्याला हाडांपर्यंत नेतं. त्याच्या मागावर राहिलं की कॅल्शियमची वाट कळते. सगळ्यांच्या रक्तातलं प्रमाण ठीक आलं, एका आजोबांचं अर्ध्याहून कमी. मागच्या खेपेला त्यांचंही ठीक होतं."

"आणि कॅल्शियम?"

"लघवीत नेहमीपेक्षा जास्तच."

तिघे दवाखान्यात पोचले, तेव्हा नर्सचे डोळे रडून लाल झाले होते. "समोर उभी राहून पाजलं. बाकीचे भुकेने माझ्यावर खेकसतात. आजोबा तेवढे गुणगुणत बसतात."

"थेंबन्‌थेंब प्यालो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी हळूच शेजारी बसलेल्या बायकोकडे, आजींकडे पाहिलं.

आजी फणकारल्या, "मागच्या वेळी मी लेकीच्या बाळंतपणाला गेलेले. इकडे यांना उपाशी ठेवून औषध! कुणाच्या पोटात कालवत कसं नाही?"

भाचा कुजबुजला, "म्हातारा थुंकला असणार."

"अरे, तो प्यालाच. आधी दूध, मग औषध." मावशी हसली. "उपाशी माणूस गुणगुणत नाही, बाळा. घोटाळा कधी झाला? आजी घरी असताना. जास्तीचं कॅल्शियम आलं कुठून? दुधातून. दोघे भाऊ आतड्याच्या एकाच दाराने आत जातात. दुधातल्या कॅल्शियमची झुंबड उडाली, जुळा बाहेरच राहिला."

"म्हणून तर उपाशी ठेवतो!" डॉक्टरिणीने कपाळावर हात मारला. "आजोबा, बोलला का नाहीत?"

"हिने पहाटे उठून तापवलं होतं," आजोबा पुटपुटले. "नाही कसं म्हणणार?"

आजींनी नर्सचा हात धरला. "यांच्या पोटाची काळजी करता करता तुझ्या पोटावर पाय देत होते गं, पोरी."

डॉक्टरीण साहेबांच्या खोलीकडे धावली. नर्सने नाक पुसलं.

"आजी, पुढच्या खेपेला पाजायचंच असेल ना, तर मला पाजा. मीही सकाळपासून उपाशीच आहे."