एकेचाळीस पांढरे फोटो

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. त्या दुपारी मी तिथं होतो. माझ्याखेरीज सहा जण होते. सहाही जण आजही बाजारात भेटतात, हसतात, बोलतात... आणि हा विषय निघाला की त्यांना घरी जायची घाई होते.

ही रात्रीची गोष्ट नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

१/१२५ · ५.६ · ४००

माझं नाव साजन. केरळात चंगनाशेरीपासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव, आणि चौकात माझा स्टुडिओ. लग्न, बाप्तिस्मा, मयत, सगळ्याचे फोटो काढतो. हो, मयताचेही. पेटीभोवती घरच्यांनी उभं राहायचं आणि एक शेवटचा फोटो काढून घ्यायचा. त्याचा अल्बम होतो. लग्नाच्या अल्बमशेजारीच कपाटात राहतो.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मी नवशिक्यांना कॅमेरा शिकवतो. मॅन्युअल. म्हणजे कॅमेऱ्याने काही ठरवायचं नाही. शटर किती वेळ उघडं, भोक किती मोठं, आयएसओ किती... तिन्ही आकडे आपण ठरवायचे. चुकलं तर आपलं चुकलं.

वक्कच्चन नावाचे निवृत्त तलाठी होते बॅचमध्ये. पक्ष्यांचे फोटो काढायचे होते त्यांना.

"माशे," मास्तरला आमच्याकडे असंच म्हणतात, "आकडा लहान केला की भोक मोठं होतं?"

"हो."

"आणि आकडा मोठा केला की भोक लहान?"

"हो."

"असला उलटा कारभार मी फक्त आमच्या कचेरीत बघितला."

सगळे हसले. एलिकुट्टी चेची, चेची म्हणजे ताई, हसल्या नाहीत. त्या वहीत लिहून घेत होत्या.

चेची एकसष्ट वर्षांच्या. बावीस वर्षं कुवेतमध्ये नर्स. वर्षाला तीस दिवस सुट्टी. नवरा, औसेप्पच्चन, इथे रबराची झाडं आणि दोन मुलं सांभाळायचा. "तो जाईपर्यंत एकोणीस वर्षांत एकोणीस महिने एकत्र राहिलो आम्ही," त्या कुणालाही सांगायच्या, जसं गाडीचं वेळापत्रक सांगावं.

कॅमेऱ्याचे आकडेही त्या औषधाच्या डोससारखे लिहायच्या. बाकीच्यांना समजावायच्या, "आयएसओ म्हणजे सलाईनचा वेग. कमी ठेवला तर पेशंट अंधारात. जास्त सोडला तर अंगावर पुरळ."

मी दहा वर्षं शिकवतोय. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

पण वर्ग सुरू व्हायच्या आधी, दर रविवारी, त्या माझ्याजवळ यायच्या आणि हळूच विचारायच्या...

"कोचीहून काही आलं का, मोने?"

मोने. म्हणजे बाळा.

"नाही चेची. लॅबवाले बघतायत अजून."

"बरं बरं. घाई नको करूस त्यांना."

१/६० · २.८ · ३२००

आता मी जे लिहितोय ते आधी फक्त त्यांना सांगितलंय, आणि आता तुम्हाला.

२ मे २०२०. विमानं बंद होती. औसेप्पच्चन पहाटे रबराच्या झाडांत पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुरायचं होतं. माणसं फक्त वीस. चेची कुवेतमध्ये अडकलेल्या. दीर जोसुट्टी फोन धरून उभा होता, व्हिडिओवर चेची.

चर्चमध्ये अंधार होता. मी आकडे लावले. सेकंदाचा साठावा भाग म्हणा हवं तर, भोक पूर्ण उघडं, आयएसओ बत्तीसशे. छान फोटो आले.

मग पेटी बाहेर आणली. कबरस्तानाच्या फाटकापाशी, दोन स्टुलांवर. त्या वर्षी घरी कुणाला जमायला परवानगी नव्हती, म्हणून शेवटचा फोटो तिथंच. माथ्यावर ऊन. आणि नेमकं तेव्हाच जोसुट्टीच्या फोनचं नेटवर्क गेलं. चेचींना पुढचं काही दिसलं नाही.

जोसुट्टी मला म्हणाला, "साजन, आता तूच बघ. तुझेच फोटो बघेल ती."

मी एकेचाळीस फोटो काढले.

आकडे बदलले नाहीत.

अंधारातले आकडे घेऊन मी उन्हात आलो होतो. नवशिक्या पहिल्या आठवड्यात करतो ती चूक. डोळा लावून बघताना सगळं नीट दिसत होतं, आणि उन्हात मागचा पडदा कुणाला वाचता येतो? घरी येऊन कार्ड लावलं.

१ — पांढरा.
२ — पांढरा.
३
४
५
.
.
४१ — पांढरा.

धूसर नाही. फिका नाही. काहीच नाही. कोरा कागद.

मी सांगितलं, कार्ड खराब झालं. कोचीच्या लॅबला पाठवलंय.

असली लॅब नाही. मी कुणाला काही पाठवलं नाही.

चेची २०२३ साली कायमच्या परत आल्या. विमानतळावरून घरी जाताना आधी माझ्या दुकानासमोर टॅक्सी थांबवली होती त्यांनी.

१/२५० · ८ · २००

त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. मी माझा जुना दिला. त्या मयताच्या दिवशीचाच. अपराधी वाटत होतं म्हणून दिला, दुसरं काय.

दुसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "मोने, हा आपोआप आकडे बदलतो."

मी बघितलं. १/६०. २.८. ३२००.

"तुम्हीच चुकून चाक फिरवलं असेल, चेची."

"मी हात नाही लावला. वहीत बघ. मागच्या वेळी काय होते ते लिहिलंय मी."

वहीत लिहिलं होतं: १/२५०, ८, २००. तारीख आणि वेळेसकट.

वक्कच्चन म्हणाले, "माशे, कॅमेऱ्याला पण वय झालं की विसरायला होतं. माझ्याकडे बघा."

मी हसलो. आकडे बदलून दिले.

तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच...

चौथ्या रविवारी वर्ग संपल्यावर मी कॅमेरा चेचींकडून ठेवून घेतला, बॅटरी काढून खिशात टाकली, कॅमेरा हॉलच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. सगळे गेले होते. मी खुर्च्या एकावर एक रचत होतो. खिडकीतून ऊन आत येत होतं, बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं.

आणि कपाटातून आवाज आला.

चक्.

मी थांबलो.

बाहेरचं नारळ सोलणंही थांबलं होतं. का ते मला ठाऊक नाही.

चक्...

बॅटरी माझ्या खिशात होती. मी हात घालून बघितली.

कपाट उघडलं नाही मी. खुर्च्या तशाच टाकून घरी आलो. पुढच्या रविवारी चेचींनीच कपाट उघडून कॅमेरा घेतला; मी फक्त किल्ली आणि बॅटरी दिली.

१/६० · २.८ · ३२००

सहावा रविवार. ११ फेब्रुवारी.

त्या दिवशीचा धडा होता दार. मी नेहमी सांगतो, दार ओलांडलं की आधी आकडे बदला, मग मान वर करा. आधी चर्चमध्ये अंधारात फोटो काढायचे, मग बाहेर अंगणात यायचं. सहाही जण रांगेत.

पाच जण बाहेर आले, उंबऱ्यावर थांबले, आकडे बदलले.

एलिकुट्टी चेची थांबल्या नाहीत.

त्या सरळ चालत गेल्या. अंगण ओलांडून, कबरस्तानाच्या फाटकापर्यंत. तिथं वळल्या आणि मोकळ्या जागेकडे कॅमेरा धरला. तिथं काही नव्हतं. वाळलेलं गवत आणि ऊन.

"चेची, आकडे!" मी ओरडलो.

चक्.

"गेला पांढरा," वक्कच्चन म्हणाले. "अहो चेची, सलाईन फुल्ल सोडलीत तुम्ही."

त्या पडद्याकडे बघत होत्या. खूप वेळ. मग तिथंच, फाटकाच्या पायरीवर बसल्या.

मी धावत गेलो. हाताने सावली करून पडदा बघितला.

पांढरा. कोरा कागद.

"पुसून टाका, चेची. परत काढा."

"गप्प," त्या म्हणाल्या. मग बोटाने पडद्यावर दाखवू लागल्या. "हा जोसुट्टी. मास्क हनुवटीखाली घेतलाय बघ, आणि पोट आत ओढलंय. ही रिनी. माझी फुलांची छत्री धरलीय बापाच्या डोक्यावर. वेडी पोर... आता कशाला ऊन लागतंय त्याला."

बाकीचे मागे येऊन उभे होते.

"हे तुम्हाला रिनीने सांगितलं असेल," मी म्हणालो.

"असेल," त्या म्हणाल्या. बोट सरकलं. नवऱ्याला त्या इच्चाया म्हणत. "आणि हे काय रे? इच्चायाच्या डोक्यापाशी, डाव्या बाजूला जागा रिकामी का आहे? सगळे चिकटून उभे आहेत आणि इथंच एक माणूस मावेल एवढी जागा. कोण हललं इथून?"

कुणी हललं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. घरातलं कुणी परदेशात असलं, येऊ शकलं नाही, तर फोटोत त्याची जागा सोडून ठेवायची. मग दुसऱ्या फोटोतून त्याला कापून तिथं बसवायचं. अल्बममध्ये सगळे हजर दिसतात. त्या दिवशी मी घरच्यांना फक्त "जरा उजवीकडे सरका" एवढंच म्हटलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. मग फोटो पांढरे आले, आणि सांगायची वेळच आली नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती जागा फक्त माझ्या डोक्यात होती.

"तुमची आहे ती," मी म्हणालो. "चेची... कोचीला मी काही पाठवलंच नाही. माझी चूक झाली. दार ओलांडलं आणि आकडे बदलले नाहीत. सगळे पांढरे आहेत. घरी डिस्कवर पडून आहेत."

त्या पायरीवरून उठल्या.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं लॅबमध्ये ठेवलंस माझ्या माणसाला."

मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं.

"किती आहेत?"

"एकेचाळीस."

"घेऊन ये."

४१ पैकी ३८

त्याच संध्याकाळी पाचला मी त्यांच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. त्यांनी माझ्यापुढे कोरा चहा आणि केळ्याची भजी ठेवली. एवढं सगळं होऊनही.

पहिला पांढरा फोटो उघडला.

त्या बघत होत्या. पुढचा. पुढचा. घाई नाही. मी शेजारी बसून तेच बघत होतो आणि मला पांढऱ्या उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं.

बाराव्याला त्या हसल्या. "फादरचा चष्मा बघ, घामाने नाकावर आलाय."

एकोणिसाव्याला रडल्या. आवाज न करता.

सव्विसाव्याला पडद्यावर हात ठेवला. त्या वर्षी शेवटचं चुंबनही घेता येत नव्हतं, लांबूनच हात जोडायचे. त्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मला बरं वाटत होतं. खरं सांगतो. वाटलं, माझ्या पापाचं काहीतरी भलं होतंय. जे मी घालवलं होतं ते कुणीतरी त्यांना परत देतंय. कोण देतंय ते मी विचारत नव्हतो.

पस्तीस. छत्तीस. सदतीस.

अडतीस.

त्यांचा हात थांबला.

त्या पुढे वाकल्या. नर्स वाकते तशी. पडद्याच्या अगदी जवळ.

घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग तेही येईना...

त्यांनी लॅपटॉप मिटला. सावकाश.

"पुढचे नकोत," म्हणाल्या.

अडतिसावा कोणता ते मला ठाऊक होतं. वेळेवरून कळतं. चेहऱ्यावर पांढरं कापड घालायच्या आधीचा. एकोणचाळिसाव्यात कापड. चाळिसाव्यात झाकण.

"मोने, तू जवळ होतास ना?"

"हो चेची. दोन हातांवर."

"इच्चायाचे डोळे मिटलेले होते ना?"

"हो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, चेची."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बावीस वर्षं त्यांनी माणसांच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं होतं. मग माझा गार झालेला कप उचलला आणि आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं.

त्यांना खोटं सांगितलं मी. पुन्हा.

मयताच्या फोटोत आम्ही पेटीतल्या माणसाकडे बघत नाही. तो हलत नाही, त्याची काळजी नसते. हलतात ते जिवंत. कुणी नाक पुसतं, कुणी मान वळवतं. डोळा आणि फोकस त्यांच्यावर धरायचा असतो. एकेचाळीस फोटो काढले मी त्या दिवशी, दोन हातांवरून. एकदाही औसेप्पच्चनच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

आणि त्या वर्षी कुणीच कुणाला हात लावत नव्हतं. डॉक्टरही दारातूनच बघून गेले होते, नाडी न बघता.

चेची वर्गाला आल्या नाहीत त्यानंतर. बाजारात दिसतात. "बरा आहेस ना मोने?" विचारतात. कोचीचं नाव काढत नाहीत. कॅमेरा त्यांच्याच घरी आहे, मी मागितला नाही.

त्या फोटोंची एक प्रत माझ्याकडे आहे. दुकान उघडायच्या आधी, सकाळी, मी अडतिसावा उघडून बसतो. पेटी कुठं होती ते मला आठवतं, म्हणून चेहरा कुठं असेल तेही कळतं. तिथंच बघत राहतो.

पांढरं आहे.

अजून तरी.