दोन-दोन द्या

दार लोटून घ्या आणि ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा वर्गमित्र.

मेडिकलचं दुकान होतं त्याचं. शिक्षण बेताचं, पण सगळे त्याला 'डॉक्टर'च म्हणायचे. बोलणं असं गोड, की आजारी माणूस निम्मा तिथंच बरा व्हावा. उरलेला निम्मा देवाच्या हवाली. कारण दुकानात एकाच गोळीचे दोन खोके असत. एक खरा, जाब विचारतील अशांसाठी. दुसरा कुठून तरी स्वस्तात आणलेला. तेच नाव, तेच चकचकीत पाकीट, आत नुसता खडू. तो ज्यांना तोंड नाही त्यांच्यासाठी.

नाक्यापलीकडच्या गवंड्याची बायको हाडांच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळली होती. दुखणं दाबायच्या गोळ्या गवंडी इथूनच न्यायचा. एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "डॉक्टर, गुण येत नाही हो. रात्रभर ओरडते. शेजारी खिडक्या लावून घेतात."

"मग दोन-दोन द्या की," डॉक्टर म्हणाला, आणि दुप्पट पाकिटं बांधून दिली. खडूचीच.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेदहा. शटर ओढता ओढता फोन वाजला. बाईचा बारीक आवाज. "गवंड्याच्या घरून बोलते. गोळ्या आणून देता का?"

घर वाटेवरच होतं. आलेलं गिऱ्हाईक कशाला सोडा? पाकिटं खिशात टाकून त्यानं स्कूटर काढली.

दार सताड उघडं. आत पिवळा बल्ब. खाटेवर ती बसलेली.

बसलेली... जिला कूस बदलता येत नव्हती, ती.

"बरं वाटतंय वाटतं, ताई?"

"आता काही दुखत नाही."

"मग गोळ्या...?"

"तुमच्यासाठी मागवल्या, भाऊ. या. बसा."

त्याचे पाय मागं फिरेनात. तिनं त्याच्या खिशातून पाकीट काढलं. थंडगार बोटांनी त्याची हनुवटी धरली, लेकराची धरावी तशी.

"आ करा."

त्यानं केला.

"चावा. चव कळली?"

दातांखाली खडू करकरला.

"अजून घ्या. दोन-दोन घ्यायच्या ना?"

तोंड भरलं. घसा कोरडा पडला. श्वास... ती हसली नाही. रागावलीही नाही. नुसती भरवत राहिली.

कसा सुटला, त्याला सांगता आलं नाही. फाटकाशी गवंड्यावरच आदळला. गवंड्यामागं चारसहा माणसं, खांदे पडलेली.

"कळलं होय तुम्हाला?" गवंडी म्हणाला. "दुपारी गेली. आत्ताच पोचवून येतोय." मग त्याची नजर घराकडं गेली. "...कुलूप तर मी लावून गेलो होतो."

पुढं दोनेक वर्षांनी डॉक्टरच्या पोटात गाठ निघाली. गोळ्या मोठ्या इस्पितळातल्या. अस्सल. तरी तो गुरासारखा ओरडायचा. घरचे कंटाळून वरच्या मजल्यावर झोपू लागले. एका रात्री मी सोबतीला बसलो. स्वतः त्याच्या जिभेवर गोळी ठेवली, पाणी पाजलं, तोंड उघडून बघितलं. गिळली होती.

सकाळपर्यंत ओरडत होता.

उजाडल्यावर घामानं भिजलेला अभ्रा बदलायला त्याचं डोकं उचललं. खाली गोळी होती.

अख्खी. कोरडी ठणठणीत.