जबल शम्सची राखण

ही गोष्ट माझ्या घरात घडली आहे. माझ्या पोटच्या मुलीबरोबर. त्यामुळे खाली कमेंटमध्ये "छान रंगवली आहे" असं कोणी लिहू नका, एवढीच विनंती.

मी शीला. माहेर कल्याणचं, सासर कुडाळजवळच्या एका गावातलं. नवरा उत्तम मस्कतमध्ये एसीच्या कामावर सुपरवायझर आहे, आम्ही तिथल्याच माबेला भागात राहतो. भुताखेतांना मी आयुष्यभर हसत आले. सासरी प्रत्येक झाडाखाली एक देव आणि प्रत्येक देवाला एक नारळ, यावरून उत्तमला मी किती छळलं असेल त्याला गणती नाही.

आता छळत नाही.

डिसेंबर २०१६. गुरुवारची रात्र. जबल शम्स, म्हणजे ओमानमधल्या सगळ्यात उंच डोंगराचं पठार.

उत्तमचा मित्र युस्टेस, वसईचा. त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, एक जुनी मोटरहोम विकत घेतली होती. ट्रकवर घर बसवलेलं. आत बेड, गॅस, बेसिन, सगळं. युस्टेसने ती दुरुस्त केली म्हणून अर्बाब खूश झाला आणि म्हणाला, वीकेंडला घेऊन जा. युस्टेस, त्याची बायको सेलिन, आम्ही दोघं आणि आमची सात वर्षांची उर्वी, असे निघालो.

वर पोचेपर्यंत अंधार पडला होता. थंडीने दात वाजत होते. दोन पावलांवर दरी. दुसरी एकही गाडी नाही.

एरवी तिथे बकऱ्या अंगावर येतात. त्या दिवशी एकही नव्हती.

सेलिनने चिकन केलं, मी भात लावला. ताटं वाढली आणि उत्तम उठला. कागदी ताटलीत थोडा भात आणि चिकनचा तुकडा घेऊन त्याने काठावरच्या दगडावर ठेवला.

"झालं सुरू!" मी म्हटलं. "अरे, इथल्या देवाला तुझं मालवणी कळणार आहे का?"

"परक्याच्या जागेत झोपायचं तर विचारून झोपावं, शीला," तो म्हणाला.

मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं. कोकणात देवाला असं मोठ्याने साकडं घालतात, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं.

"बा महाराजा, ह्या जाग्येचो जो कोण राखणदार आसशीत, तो ऐक. आज आमी तुज्या शिमेत इलंव..."

"व्हय महाराजा!" युस्टेस मजेत ओरडला.

"आमच्या ह्या चेडवाक सांभाळ. तेच्या पाठसून रव..."

"व्हय महाराजा!"

"तेका काय एक जावक देव नको!"

पोरीच्या पाठीशी राहा, तिला काही होऊ देऊ नको, असं तो मागत होता आणि युस्टेसला हसता हसता ठसका लागला. शेवटच्या वाक्याला कोणीच काही म्हणालं नाही.

आणि दरीतून आवाज आला...

"हूं."

एवढंच. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याने होकार द्यावा तसं.

"इको होगा," युस्टेस म्हणाला.

पण 'हूं' आमच्यापैकी कोणी म्हटलंच नव्हतं. आणि उत्तमच्या एवढ्या मोठ्या गाऱ्हाण्यातला एकही शब्द परत आला नव्हता.

सकाळी ताटली तिथेच होती. पालथी. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. आत भाताचं एक शीतही नाही.

"बकऱ्यांनी खाल्लं," युस्टेस म्हणाला.

"बकरी वर दगड ठेवते का?" सेलिनने विचारलं.

आम्ही दरीच्या कडेकडेने जाणाऱ्या पायवाटेवर निघालो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. उर्वी म्हणजे लुलूमध्ये सामान घेतानासुद्धा "पाय दुखतात" म्हणून रडणारी पोर. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे चालत होती. उड्या मारत.

डावा हात वर धरून...

दरीच्या बाजूचा हात. कोणीतरी बोट धरून नेतंय, तसा.

"उर्वी, हात खाली कर आणि माझ्याजवळ ये!"

"डोन्ट वरी आई," ती मागे न बघताच म्हणाली. "अंकलनी पकडलंय ना."

मी धावले. त्याच क्षणी तिच्या पायाखालची खडी सरकली.

उर्वी दरीवर झुकली. तिचे दोन्ही पाय वाटेवरून सुटले होते. हे आम्ही चौघांनी पाहिलंय.

ती पडली नाही.

डावा हात ताणलेला, फ्रॉक वाऱ्यावर फडफडतोय, खाली नुसती दरी... आणि माझी मुलगी तिथे लोंबकळत होती. मग कोणीतरी तिला हळूच वाटेवर आणून ठेवलं.

मी तिला छातीशी कवटाळलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते. माणसाची बोटं एवढी लांब नसतात.

उत्तम गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडत होता. दरीकडे हात जोडून म्हणाला, "असोच तेच्या पाठसून रव रे महाराजा! जल्मभर रव!"

यावेळी मीही हात जोडले. कोणती आई जोडणार नाही?

परत निघताना सेलिन मोटरहोममध्ये उर्वीशेजारी बसायला गेली आणि ताडकन उठली.

"सीट गरम आहे," ती म्हणाली. गाडी सकाळपासून बंद होती.

त्यानंतर तीनेक महिने सगळं छान होतं. मीच मैत्रिणींना सांगायचे, आमच्या उर्वीला देव पावलाय म्हणून.

मग एका संध्याकाळी ती खेळून लंगडत आली. तळव्यात बाभळीचा काटा. मी सुई गॅसवर तापवली, तिचा पाय मांडीवर घेतला. आपल्या सगळ्यांच्या आयांनी असेच काटे काढलेत. सुई लागली आणि ती कळवळून रडली.

माझं मनगट कोणीतरी धरलं...

समोर उर्वीशिवाय कोणी नव्हतं. हात मागे ढकलला गेला. सुई पडली. मग मला खांद्याला धरून, सरकवत सरकवत, खोलीच्या दाराबाहेर आणून सोडलं. मारलं नाही. ढकलून पाडलंही नाही. उर्वी रडत होती आणि मी उंबऱ्याच्या आत पाय टाकू शकत नव्हते.

तेव्हापासून हे असंच आहे. उर्वी हसत असली की मी तिला जवळ घेते, वेणी घालते, भरवते. ती रडायला लागली की मला जाता येत नाही. उत्तमला जाता येतं. त्यानेच तर बोलावलं होतं.

उत्तमने गावी काकांना फोन केला. देवळात गाऱ्हाणं तेच घालतात.

"आपल्या देवाक आपण नावान् हाक मारतंव, म्हणान तो ऐकता," काका म्हणाले. "तू हाक मारलंस तेचा नाव काय?"

"म्हायत नाय, काका."

"मग परत जा म्हणान मी सांगू कोणाक?"

आम्ही पुन्हा वर जाऊन आलो. उत्तमने तिथेच उभं राहून विनवलं, तुझी राखण पुरी झाली, आता थांब. दरीतून काहीच आलं नाही. उतरताना गाडीत उर्वी खिडकीकडे सरकून बसली. शेजारी जागा ठेवून.

तो वाईट आहे, असं मी म्हणू शकत नाही. त्याने माझी मुलगी वाचवली आहे. पण त्याच्या लेखी मी कोण आहे, हे मला समजत नाही, आणि याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

मागच्या आठवड्यात तिला ताप आला. उत्तम ड्युटीवर होता. मी पाण्याच्या पट्ट्या घेऊन धावले, तर ती पलंगावर फणफणत पडलेली, डोळे पाण्याने भरलेले. मी दारातच अडले. छातीवर तो हात...

उर्वीने माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. दोन्ही तळव्यांनी डोळे कोरडे केले. आणि हसली. नऊ वर्षांची आहे ती.

"आई, मी नाही रडत," ती म्हणाली. "बघ. आता ये."