सुरंगीच्या वळणावरची पट्टी

पैज लागली माझ्या दुकानाच्या पायरीवर, शिमगा तोंडावर आलेला असताना. चंद्रावतीवयनी माशांची पाटी खाली ठेवून म्हणाली, "हरलस तर शेवंतीचा लुगडा नेसान, नाकात नथ घालून बाजारात येवचा."

मी म्हटलं, "येतलंय. आणि चालत नाय. फटफटीवर बसान, नवरी होवन."

ती हरली तर तिने भर बाजारात ओरडून सांगायचं, भिकाजीसारखो शाणो अख्ख्या मालवणात नाय. ते वाक्य ऐकायला मी काहीही केलं असतं.

मी भिकाजी. मालवणातून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान. भिकाजी सायकली दुरुस्त करतो आणि माणसं बिघडवतो, असं माझी बायको शेवंती म्हणते. पोस्टमनच्या सायकलची घंटा काढून तिथे बकरीच्या गळ्यातली बांधणारा मीच. पंचावन्नाव्या वर्षी हे शोभतं का, असं विचारणाऱ्यांच्याच सायकलींना पुढची घंटा बांधायची, हा माझा नियम.

गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. आमचा शेजारी लिनो रोझारियो याने मेव्हण्याकडून गोव्यातली एक फटफटी आणली. काळी, चकचकीत, टाकीवर लाल रेघ. लिनो शाळेत इंग्रजी शिकवायचा. आधी गरीब गायीसारखा माणूस, खाली बघून चालणारा. फटफटी आली आणि तो फेल्ट हॅट घालून शीळ वाजवायला लागला. ज्याला हवी त्याला एक फेरी मारू द्यायचा. त्याची बायको मारियान म्हणायची, लग्नात सुद्धा हो इतको हसलो नाय.

पण माणसं पडायला लागली. सगळी एकाच जागी, सुरंगीच्या वळणावर.

त्या वळणाला सुरंगीचं जुनं झाड आहे. त्याच्या मुळाशी एक शेंदूर लावलेला दगड. आम्ही तिला बाय म्हणतो. येताजाता प्रत्येकाने एक हिरवी डहाळी तोडून तिच्यासमोर टाकायची, ही आमच्याकडची रीत. चालणारा टाकतो, गाडीवान टाकतो, सायकलवाला पाय टेकून टाकतो. आता फटफटीवर बसलेला माणूस काय करणार? थांबला तर ती बंद पडते, मग लाथा मारत बसा. म्हणून आमचे वीर घरूनच डहाळी घेऊन निघायचे. वळणावर आले की एक हात सोडून डहाळी भिरकवायची, आणि खाली भुसभुशीत रेती. चाक एकीकडे, माणूस दुसरीकडे.

पडण्याचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाकडा झालेला हँडल माझ्याकडेच सरळ करायला यायचा. लिनोला मी सांगितलं, डहाळी टाकू नको. तो म्हणाला, "क्रिस्तांव असलंय म्हणान काय झाला? रस्तो तिचोच मरे."

कोडं पडण्याचं नव्हतं. कोडं पुढचं होतं.

जो पडायचा, त्याला आम्ही धावत जाऊन गाठेपर्यंत त्याची जखम बांधलेली असायची. लिनोचा कोपर फुटला, कोपर बांधलेला. देवळाच्या मानकऱ्यांचा परशुराम पडला, त्याच्या पंजाचं मांस निघालं, पंजा बांधलेला. पट्टी सगळ्यांची एकच. जुन्या लुगड्याचं मऊ, धुऊन धुऊन पांढरं झालेलं कापड, त्याला बारीक हिरवा काठ. आत कुटलेला दगडी पाला. आणि गाठ आतल्या बाजूला, एका हाताने कोणाला मारता येणार नाही अशी. कोणी बांधली? पडलेल्याला आठवत नाही. परशुराम तर म्हणाला, डहाळी टाकायला हात उचलला तेव्हाच त्याला पंजा पांढरा दिसला होता. आम्ही पोट धरून हसलो. डोकं आपटल्यावर माणूस काहीही बोलतो.

चंद्रावतीवयनीचं म्हणणं, बाय बांधता. माझं म्हणणं, मासे घेऊन रोज त्याच वळणावरून जाते ती चंद्रावतीवयनीच बांधते आणि बायच्या नावावर खपवते. म्हणून पैज. पट्टी बांधणाऱ्याला मी सगळ्यांसमोर उभं करायचं, येत्या सोमवारच्या बाजाराआधी.

लिनोला यात वेगळीच घाई होती. मारियानने त्याला बजावलं होतं, आता आणखी एका माणसाचं रक्त सांडलं तर फटफटी भावाकडे परत जाईल. चावी ती स्वतः नेऊन देणार होती. लिनो दुकानात येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "भिक्या, ती गेली तर मी परत पयल्यासारखो होतलंय रे." मी थट्टा करणार होतो. त्याचं तोंड बघून नाही केली.

मी बेत केला. खोटं पडायचं.

रविवारी दुपारी, चांगलं ऊन डोक्यावर असताना, आम्ही वळणावर गेलो. फटफटी रेतीत आडवी निजवली. मी घरून बाटलीत कोकमाचं आगळ नेलं होतं, त्यात रंग दाट व्हावा म्हणून गूळ कालवलेला. डाव्या गुडघ्यावर ते ओतलं. असं झकास रक्त मी दशावतारात सुद्धा बघितलं नव्हतं. लिनो आणि चंद्रावतीवयनी करवंदीच्या जाळीमागे बसले. वयनीला मी मुद्दाम तिथे बसवली होती. ती जाळीत असताना पट्टी आली नाही तर ती चोर, हे सरळ होतं. आणि कोणी दुसरं आलं तर पकडायला लिनो होताच.

मी डोळे मिटून पडलो. पाठीखाली तापलेली रेती. माडांपलीकडे समुद्र. सुरंगी भरात होती, वास इतका दाट की जिभेवर यावा. जाळीतून लिनोचं दबलेलं हसू ऐकू आलं, मग वयनीने त्याला दिलेला धपाटा. मलाही हसू फुटत होतं. तेवढ्यात गुळाला मुंग्या लागल्या.

काय सांगू. गुडघ्यापासून त्यांनी वर चढायला सुरुवात केली आणि मी मेलेल्या माणसासारखा पडून. दात आवळले. मनात म्हटलं, भिकाजी, शाणो म्हणवून घ्यायचंय ना, सोस.

मग मुंग्या थांबल्या.

एकदम. चावत होत्या त्या जागीच थांबल्या. लिनोचं हसूही थांबलं. समुद्र ऐकू येईना.

डोक्याजवळ कापड फाटल्याचा आवाज झाला. एकदाच. टर्र.

मी डोळे उघडले. वर सुरंगीची पानं, त्यातून ऊन. कोणी नाही.

"उठ रे, कोणच येवक नाय," लिनो जाळीतून बाहेर येत म्हणाला. "पैज हरलस." वयनी त्याच्या मागेच होती, पदराला लागलेले काटे काढत. दोघांनीही माझ्यावरची नजर हलवली नव्हती म्हणे. मी हात झटकत उठलो आणि मांडीवर थाप मारायला उजवा हात उचलला.

मनगटाला पट्टी होती. हिरवा काठ.

लिनो जो हसायला लागला तो रेतीत बसलाच. म्हणाला, खिशातून आणलीस ना मेल्या, माका ठावक होता. मी शपथ घेतली. शेवंतीची घेतली, दुकानाची घेतली. पण माझ्यासारख्या माणसाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? खरं सांगतो, मला मनातून आनंदच झाला. वाटलं, या दोघांनी मिळून मला बनवलं. इतक्या वर्षांत मला कोणी बनवलं नव्हतं. अशी सफाई, की हात लागलेलाही कळला नाही.

वयनी मात्र हसली नाही. माझा आगळाने माखलेला गुडघा बघत राहिली.

"रगत हय गुडघ्याक," ती म्हणाली. "मग तिना हात कित्या बांधल्यान?"

पट्टी मी सोडली नाही. हात धडधाकट होता, खाज नाही, दुखणं नाही. पण ठरवलं, जिची ही गाठ, तिच्याकडून भर बाजारात सोडवून घ्यायची. हरलो तर हरलो, पण चोर तरी पकडीन.

सोमवारी शेवंतीने मला तिचं हिरवं लुगडं नेसवलं. नथ दाबून बसवताना तिने जुने सगळे हिशेब चुकते केले. केसांऐवजी टोपीला सुरंगीचा वळेसर, फुलांचा गजरा, माळला आणि त्यात एक डहाळी खोचली. लिनो हॅट घालून पुढे बसला, मी मागे एका बाजूला पाय सोडून, नवरीसारखा लाजत. उजव्या मनगटावर बांगड्यांच्या जागी पट्टी.

मालवणच्या बाजाराने असलं लग्न बघितलं नव्हतं. दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले. कोळणींनी ओवाळायला सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, टोपली फिरवली. परशुराम ढोल घेऊन पुढे नाचत होता. कोणीतरी ओरडलं, नवरीक मिशी आसा रे. मी पदर तोंडावर घेतला. अख्खा रस्ता हसत होता, आणि लिनो सगळ्यांत जास्त. मारियान चर्चवरून येताना कापडाच्या दुकानापाशी थांबली होती. ती सुद्धा हसत होती. तिला हसताना बघून लिनोने जरा वेग वाढवला.

लुगड्याचा काठ चाकात गेला.

मी ओढला गेलो आणि उजव्या हातावर आपटलो. पट्टीच्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, वाळलेली झावळ मोडावी तसा.

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हीही गंमत. मी सुद्धा हसत होतो, थांबवता येईना. नथ कुठेतरी उडाली होती.

बाजारातले डॉक्टर दवाखान्यातून उतरून आले. त्यांनी पट्टीवरूनच मनगट चाचपलं. म्हणाले, "हाड मोडलंय. पण बसवलंय उत्तम, मी काही करायला नको. कोणी बांधलं?"

"आधीच बांधलेलं होतं," मी म्हटलं.

"पडायच्या आधी कोण बांधतं, भिकाजी?" डॉक्टर हसले आणि पाठ थोपटून गेले.

मी चंद्रावतीवयनीला शोधलं. ती पाटीपाशी उभी होती, मला हात द्यायला सुद्धा पुढे आली नव्हती. माझं मनगट बघत होती. तिचा चेहरा बघून मला कळलं, ही गाठ तिची नाही. मी लिनोकडे बघितलं. त्याचीही नाही.

पैज ती पैज. वळेसरातली सुरंगीची डहाळी मी डाव्या हाताने काढली, वाकलो, तिच्या पाटीसमोर ठेवली. ढोल थांबला. मी मोठ्याने म्हटलं, "हरलंय गे वयनी. बांधणारी माका गावली नाय."

बाजाराने अशी आरोळी ठोकली की माडावरचे कावळे उठले.

लिनोला मोठा जोर चढला. माझं लुगडं झटकून दाखवलं, रस्ता दाखवला, सगळीकडे कोरडं. तो मारियानसमोर गेला. "बघ मारियान," म्हणाला, "रगत खंय आसा? एक थेंब दाखय." आणि तिला मुजरा करायला त्याने हॅट काढली.

लोक पुन्हा हसले. अजून मोठ्याने.

लिनोला कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कपाळावर हात नेला. बोटं पट्टीच्या हिरव्या काठावरून फिरली.

"भिक्या, ह्या तुझा काम," तो म्हणाला. अजून हसतच.

मारियान हसत नव्हती. तिने पट्टी एका बोटाने जरा वर सरकवली. खाली कपाळ स्वच्छ, एक ओरखडा नाही. ती सोडायला गाठ शोधायला लागली.

"सोडू नको गो," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नाही.

मारियानने हात पुढे केला. लिनोने खिशातली चावी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. ती तिने मुठीत धरली, आणि दुसऱ्या हाताने पट्टी नीट खाली ओढली, चर्चला जाताना मुलाचे केस बसवावेत तशी. परशुरामने ढोल पुन्हा सुरू केला. मागे लोक नाचत होते. लिनो फटफटी हाताने ढकलत घराच्या वाटेला लागला, आणि पट्टीखालून दगडी पाल्याचा ताजा हिरवा रस त्याच्या भुवईवर उतरत होता.