इंजिन जागं होईपर्यंत

मेहकरच्या दवाखान्यात मी रुजू झाले ती १९६१ च्या जूनमध्ये. गावाच्या कडेला, पैनगंगेच्या अंगाला दवाखाना होता. समोर दोन कडुनिंब, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जीप, आणि शेडपासून तीस पावलांवर ड्रायव्हरच्या दोन खोल्या. आसपासच्या चाळीसेक गावांना बाई डॉक्टर अशी मी एकटीच, आणि गाडीही ती एकच.

गाडी पुंजाजीच्या ताब्यात होती. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. सत्तेचाळीसच्या लढाईत काश्मीरला फौजेच्या गाड्या चालवून आलेला. त्याच्याशी माझं पहिलं भांडण झालं ते पहिल्याच हिवाळ्यात, इंजिनावरून.

सकाळी सहाला निघायचं ठरलं की पुंजाजी साडेपाचच्या सुमाराला शेडमध्ये जाई. हँडल मारून इंजिन चालू करी, चोक थोडा थोडा आत ढकली, मग खाली उतरून उजव्या हाताचा पंजा बॉनेटवर ठेवून नुसता उभा राही. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. दहा मिनिटं. कधी अकरा. मग तो मान हलवी आणि म्हणे, "चला बाई."

मी पुण्याची. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की इंजिन जागेवर फार वेळ चालू ठेवू नये, गाडी लगेच काढावी आणि पहिला मैलभर हळू चालवावी. मी त्याला ते वाचून दाखवलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तक लिहिनारा काही खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "पन बाई, गाडी चालू होनं येगळं अन् गाडी जागी होनं येगळं."

"म्हणजे काय?"

"काश्मीरले असंच घाईत एकानं थंडी गाडी काढली होती. मांगं चार जखमी. घाटात मधातच बंद पडली. संध्याकाळलोक तिघं गेले."

"गाडी तू चालवत होतास?"

"हाव," तो म्हणाला आणि बॉनेट पुसू लागला.

मी पुन्हा पुस्तक काढलं नाही. दोन हिवाळ्यांत ती जीप एकदाही वाटेत बंद पडली नाही. नदीच्या उतारात, काळ्या मातीच्या चिखलात, अडलेल्या बायका घेऊन आम्ही किती वेळा गेलो असू याची मोजदाद नाही. इतक्या निष्ठेनं आपलं काम करणारा माणूस मी नंतरही फार थोड्या वेळा पाहिला. माझ्या शिक्षकांमध्येही.

१९६३ च्या कार्तिकात पुंजाजी न्यूमोनियानं गेला. मी माझ्याकडे होतं ते सगळं केलं. शेवटच्या दुपारी त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, त्याचे पाय मांडीवर घेतले होते आणि ती ते चोळत होती. "गरमच नाही होऊन राह्यले, बाई," ती मला म्हणाली. तिला मूलबाळ नव्हतं. खोल्या तिच्याकडेच राहू द्या असं मी वर लिहिलं, आणि दवाखान्यातल्या झाडलोटीचं काम तिला दिलं.

नवा ड्रायव्हर निवृत्ती तीन आठवड्यांनी आला. तिशीचा, हुशार, पण उतावळा. गाडी गरम करण्याबद्दल त्यानं विचारलं तेव्हा मी त्याला पुस्तकातलं सांगितलं. लगेच काढायची, पहिला मैलभर हळू. हे सांगताना मला वाद जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगोलग त्याची लाजही वाटली.

मार्गशीर्षात थंडी पडली. पहिल्याच थंड सकाळी निवृत्ती माझ्या दारात आला.

"बाई, पहाटे गाडी कोनी नेली होती का?"

"किल्ली माझ्या उशाशी आहे."

"मंग या पाहाले."

शेडचं कुलूप त्यानं आत्ताच उघडलं होतं. मी बॉनेटवर हात ठेवला. ते कोमट नव्हतं, चांगलं गरम होतं. निवृत्तीनं टाकीत काठी घालून पाहिली. पेट्रोल काल होतं तेवढंच. मैलांचा आकडाही तोच. धुराचा वास नाही. हँडलच्या पहिल्या झटक्याला गाडी चालू झाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मला चुकीच्या निष्कर्षांची भीती वाटते, म्हणून मी मोजायला लागले. दवाखान्यात पाण्याचं तापमान घ्यायचा थर्मामीटर होता, शंभर अंशांपर्यंतचा. रोज सहाला रेडिएटरचं झाकण फडक्यानं काढून मी तो आत सोडे. शेडमधली हवा सात, आठ, एकदा सहा. रेडिएटरमधलं पाणी एकोणसत्तर, सत्तर, सत्तर. अकरा दिवस मी हे लिहून ठेवलं. निवृत्तीला म्हणाले, कोणाला सांगू नकोस. तो म्हणाला, "सांगू तरी काय?"

बाराव्या दिवशी मी पाच वाजताच शेडमध्ये जाऊन बसले. आतून कडी लावली. अंगावर घोंगडी, हातात कंदील. रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं होतं आणि थर्मामीटर दोऱ्यानं आत टांगला होता. दर पाच मिनिटांनी मी तो वर ओढून वाचत होते. आठ. आठ. आठ. पत्रा थंडीनं अधूनमधून टकटक करी. माझ्या श्वासाची वाफ कंदिलाच्या उजेडात दिसत होती.

पाच चाळीसला अठरा.

मी दोरा सोडला नाही. आवाज काहीच नव्हता. पंखा फिरत नव्हता, पट्टा हलत नव्हता. एकतीस. चव्वेचाळीस. तेलाचा तो ओळखीचा, तापल्यावर येणारा वास पसरला. सत्तावन्न. रेडिएटरच्या तोंडातून वाफ निघायला लागली आणि तिच्यामुळे कंदिलाची काच धुरकट झाली.

पाच पन्नासला सत्तर. मग पारा थांबला.

दहा मिनिटं.

मी कडी काढली आणि बाहेर येऊन कडुनिंबाला टेकून उभी राहिले. भीती वाटली नाही, हे मी सांगितलं पाहिजे. काम नीट पार पडल्यावर वाटतं तसं वाटलं.

त्याच दिवशी दुपारी सोजराबाई टाचांच्या भेगांना मलम मागायला आली. मी भेगा पाहत होते आणि ती आपली बोलत होती.

"चुलीचं काय झालं काही समजत नाही, बाई. रोज राती राखेत इस्तव दाबून ठेवतो. इतकी वर्षं सकाळी फुंकला का पेटे. आता थंडी पडल्यापासून पार मरून जाते. पहाटे उठतो तवा लाल दिसते. पानी भरून येतो तर राख बी थंडी. चूल बी थंडी. हात लावला तर दगडावानी."

माझा हात थांबला. "पाणी भरायला किती वाजता जातेस?"

"मले घड्याळ कुठं कळते? भोंगा होते न बसचा, पहिल्या, त्याच्या थोडं आंधी."

पहिली बस सहाला सुटे.

सांगावं की नाही, यावर मी तिच्या दोन्ही टाचांना मलम लागेपर्यंत विचार केला. मग सांगितलं. जे पाहिलं तेवढंच, आकड्यांसकट.

सोजराबाईनं पाय खाली घेतले. पदर सारखा केला. मग तिनं एकच विचारलं, "पुरते का तेवढं इंजनाले?"

"पुरतं. अगदी बरोबर पुरतं."

"मंग घेऊ द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तिच्या खोलीत उजेड दिसायला लागला. नुसता विस्तव ठेवण्याऐवजी ती चूल पेटवून बसत असे. तुरीच्या काड्या, गोवऱ्या, कुठून आणलेला बाभळीचा ओंडका. स्वतःच्या चहासाठी ती नंतर पुन्हा नव्यानं चूल पेटवी. मी एकदा म्हटलं, की आता गाडी आम्ही नेहमीसारखी गरम करू, तू कशाला त्रास घेतेस. ती म्हणाली, "त्यांची ड्यूटी हाये, बाई. अन् माही बी."

पौषात थंडीची लाट आली. पाणी भरून ठेवलेल्या घंगाळात बोट घालवत नव्हतं. त्या दिवशी पहाटे पाचच्या आधी फाटकाशी बैलगाडी थांबली. नदीपलीकडच्या वस्तीवरची शालूबाई, तिसरं बाळंतपण, काल दुपारपासून अडलेली. मी कंदील खाली धरला. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. मी ती छोटी बोटं धरली. त्यांनी माझं बोट धरलं.

हे माझ्या आवाक्यातलं नव्हतं. शस्त्रक्रिया हवी होती, म्हणजे बुलढाणा. चिखलीवरून चाळीस मैल.

"निवृत्ती!"

तो शेडकडे धावला. मी घड्याळ पाहिलं. पाचला पाच कमी. इंजिन थंडच असणार होतं, पाच चाळीस व्हायला अजून पाऊण तास होता.

हँडलचा आवाज येत राहिला. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा खोकलं. निवृत्तीनं चोक ओढला, ढकलला, शिव्या दिल्या. शालूबाईला आम्ही मागच्या बाकावर निजवलं होतं. तिच्या सासूनं, मंजुळाबाईनं, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "बाई, निघा न लवकर," ती मला सारखी म्हणत होती. शालूबाई आता ओरडतही नव्हती.

आठव्या की नवव्या झटक्याला निवृत्तीच्या हातातून हँडल सुटलं आणि तो मनगट धरून खाली बसला.

तेव्हा सोजराबाई आली. पाणी भरायला निघाली होती, तशीच. घागर तिनं दाराशी ठेवली. तिची चूल अजून पेटलेली नव्हती. तिनं जीपकडे पाहिलं, आत निजलेल्या बाईकडे पाहिलं.

मग पुढं होऊन तिनं दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

मी तिच्या बाजूलाच होते. तिचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत नव्हते. खांदे एकदा शहारले.

पत्रा टकटकला.

तापल्या तेलाचा वास आला.

"मारा हँडल," ती म्हणाली.

हँडल मीच मारलं. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. आवाज स्वच्छ, एकसारखा, फाटकापासून बुलढाण्यापर्यंत पुंजाजी हाकत असल्यासारखा. निवृत्ती एका हातानं चालवत होता आणि रडत होता. आम्ही गाडी हळू चालवली नाही. साडेसहाच्या सुमाराला बुलढाण्याला पोचलो. साडेसातला मुलगी झाली. निळी होती, मग रडली. शालूबाईही वाचली.

परत यायला दुपारचे दोन वाजले. ऊन चांगलं तापलं होतं. सोजराबाई खोलीबाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून हसली.

"मुलगी," मी म्हटलं. "दोघी ठीक आहेत."

"इंजन मधात बंद तर नाही पडलं?"

"नाही."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. चेहऱ्यावर समाधान होतं. मी तिच्याजवळ बसले. तिला बरं वाटतंय का, विचारलं. ती म्हणाली, काहीच होत नाही, भूक लागली, भाकर खाल्ली, झाडलोट बी झाली. नाडी पाहण्यासाठी मी तिचा हात हातात घेतला. तो गार आणि ओला होता; नुकतंच काही धुतलं असेल, असं मला वाटलं. नाडी चांगली होती. मिनिटाला बहात्तर, नियमित.

मी पिशवीतून तापाचा थर्मामीटर काढून तिच्या जिभेखाली ठेवला. तीन मिनिटं. पारा हलला नाही. झटकून पुन्हा ठेवला. पारा तळाशीच राहिला. त्यानंतर ती सोळा वर्षं जगली, आणि मी मेहकरला होते तोवर अनेकदा हा प्रयोग केला. पारा कधीच हलला नाही.

पण त्या दुपारी मी अजून थर्मामीटरकडेच पाहत होते. सोजराबाईनं तो तोंडातून काढून माझ्या हातात दिला. तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. कोपरापासून बोटांपर्यंत, भर उन्हात, त्यांच्यावर बारीक दंव जमलं होतं.

तिनं ते पदरानं पुसलं, आणि मला चहा घेता का म्हणून विचारलं.