शंभर किलोमीटर झाले की परत या

खऱ्या प्रेमाला अंतराची पर्वा नसते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. या थोर लोकांपैकी एकानंही कधी पिकअपला नवी चाकं बसवून घेतली नसावीत. चाकांच्या धंद्यात अंतराशिवाय दुसरं काही नसतंच.

हे तिला बाबांच्या दुकानात बारा वर्षं काढल्यावर समजलं होतं. दुकान हमरस्त्यावर, समोर सिमेंटची वखार. आत छतापर्यंत टायरांच्या चळती आणि भिंतीवर, शाळेतल्या ढालींसारखी ओळीनं लावलेली चकचकीत चाकं. सगळे तिला टायरवालीच म्हणत. तिचं लग्नाचं वय उलटून चाललंय, असं आत्या म्हणे. आत्याच्या हिशेबानं ते गेली सात वर्षं उलटतच होतं. बाबांचे हात दोन वर्षांपासून थरथरू लागले होते, पाना धरवत नसे. म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि उरलेलं सगळं दुकान तिच्याकडे दिलं होतं.

एका सकाळी एक पिकअप खडखडत दारात उभी राहिली. गुळगुळीत झालेले टायर, एका चाकाची कड चेपलेली. आतून एक सडपातळ माणूस उतरला आणि सरळ तिच्याकडे बघून त्यानं डोळा मारला.

"सकाळी सकाळी डोळा कुणाला मारताय?" ती पाना हातात घेऊनच पुढे झाली.

"मारत नाही हो... मिटलाय. माशी चावली." तो घाईघाईनं म्हणाला. पापणी खरंच सुजून टम्म झाली होती. "एवढ्या वेळात तीन ठिकाणी गैरसमज झालाय. एके ठिकाणी तर सामानावर सूट मिळाली."

ती हसली नाही. म्हणजे हसली, पण पाठ फिरवून.

तो मधवाला होता. फुलांच्या मागे गाव बदलत हिंडायचा. सध्या जवळच्या फळबागांना बहर आला होता, आणि त्याच्या चाळीस पेट्या तिथे मांडलेल्या होत्या. त्याच्या अंगाला फुलांचा आणि धुराचा असा काही एकत्र वास येत होता, की दुकानातल्या रबराच्या वासालाही क्षणभर आपण कुठे आहोत ते कळेना.

"मला ती हवीत," त्यानं भिंतीवरच्या अठरा इंची काळ्या चाकांकडे बोट दाखवलं.

"नजर आहे हं तुमची!" बाबा खुर्चीतून उठले. "गाडी वाघासारखी दिसेल, वाघासारखी!"

"एका पेटीचं वजन किती?" तिनं विचारलं.

"भरलेली असली तर पंचवीस किलो."

"म्हणजे एक टन माल. तोही चिडणारा." तिनं काळ्या चाकावर हात ठेवला. "रिम मोठी झाली की टायरची कड बारीक होते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट माश्यांपर्यंत जाणार. आणि हे चाक चार बोटं बाहेर येतं. दिसायला छान. पण सगळा भार बेअरिंगवर. सहा महिन्यांत बेअरिंग खाल्लं जाईल, मग यायचं परत आमच्याकडे."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं दुकानाचं शटर आतून पाडलं. गिऱ्हाईक परत येणं हाच तर धंदा होता!

"मग कुठली घेऊ?"

"ती." कोपऱ्यातली सोळा इंची, साधी करडी चाकं. "आणि उंच कडेचे, जाड टायर. टनभराला पुरून उरतील असे."

"दिसायला अगदीच..."

"तुम्हाला कुणाला दाखवायचंय?"

 चांगल्या डोळ्यानं तिच्याकडे बघत तो म्हणाला, "विचार करतो."

तीन दिवस त्यानं विचार केला. रोज यायचा, टायरांच्या चळतीवर बसायचा, काळ्या चाकांकडे बघायचा, करड्या चाकांकडे बघायचा आणि मधे बराच वेळ भलतीकडेच बघायचा. एवढ्या विचारात माणसं घर बांधतात. चौथ्या दिवशी सूज उतरली, आणि दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर तो म्हणाला, "तुम्ही सांगाल ती."

"चाकं तुम्हाला फिरवायची आहेत."

"फिरवणाऱ्याला रस्ता कळतो. चाकं ज्याला कळतात त्यानं सांगावं."

तिनं करडी चाकं चढवली. टॉर्क पान्यानं नट आवळले. हा पाना हवा तेवढा ताण आला की 'कट्' असा आवाज करतो, म्हणजे पुरे. मग पावती फाडताना नेहमीचं वाक्य म्हणाली, "शंभर किलोमीटर झाले की परत या. नवी चाकं जागेवर बसतात, नट सैल होतात. पुन्हा कसावे लागतात. फुकट."

हे ती प्रत्येकाला सांगे. बारा वर्षांत त्यासाठी एकही गिऱ्हाईक परत आलं नव्हतं.

तो तिसऱ्या दिवशी आला.

"शंभर," तो मीटरकडे बोट दाखवून म्हणाला. "बरोब्बर शंभर."

तिनं पाना लावला. एकदोन नट खरंच जरासे फिरले. काम संपलं. तो उभाच. "आता पुन्हा कधी?"

आता गरज नाही. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. सचोटीच्या धंद्यात बारा वर्षं घालवलेल्या बाईला तीन शब्द जड जायला नकोत.

"परत शंभर झाले की," ती म्हणाली आणि तिचे कान तापले.

मग हे सुरूच झालं. बागेपासून दुकान अकरा किलोमीटरवर, तेव्हा शंभर काही लवकर भरेनात. समोरचा वखारवाला एक दिवस येऊन सांगून गेला, "अहो, ती करड्या चाकांची पिकअप सकाळपासून सहा वेळा गेली इथून. पत्ता चुकलाय का त्याचा?" सातव्या वेळी पिकअप आत वळली. मीटर शंभरावर.

नट आता हलत नसत. पाना टेकवला रे टेकवला की 'कट्'. ती पाठ त्याच्याकडे करून बसे, म्हणजे दिसू नये. चोवीस नट संपायला इतर गाड्यांना पाच मिनिटं लागत... या गाडीला चहाचे दोन कप लागत.   

"टायरवर त्याचा जन्म लिहिलेला असतो," ती एकदा म्हणाली. "हे बघा चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे."

"माझ्या टायरांचा?"

"अकरावा आठवडा."

"आणि तुमचा?"

"गिऱ्हाइकाला सांगत नाही."

"मी अजून गिऱ्हाईकच का?"

पाना नटावरून घसरला. "पावती तर तुमच्याच नावावर आहे," ती म्हणाली.

 तो म्हणाला, "पावती फार नीट लिहिता तुम्ही. मी पुष्कळदा वाचली." तिला वाटलं, अक्षराचं कौतुक चाललंय.

महिना असा गेला. बहर अजून पंधरा दिवस टिकणार होता. आणि एका दुपारी अवेळी पाऊस आला... मोठा, आडवा, गारांचा. संध्याकाळी थांबला तेव्हा रस्त्याकडेच्या नाल्यातून पांढऱ्या पाकळ्या वाहत वखारीपर्यंत आल्या होत्या. ती दारात उभी राहून बघत होती. बाबा म्हणाले, "किती सुंदर दिसतंय!"  फुलं गेली म्हणजे काय गेलं, हे तिला आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शटर वर करत होती, तेव्हा पिकअप दारात उभी होती. मागे चाळीस पेट्या, जाळीनं झाकलेल्या, दोरांनी बांधलेल्या. आतून एकसुरी गुणगुण.

"त्रेसष्टच झालेत," तो म्हणाला. "चालेल?"

"चालेल."

तिनं पाना घेतला. कट्. कट्.

"पुढचा बहर इथून सातशे किलोमीटरवर आहे," तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "म्हणजे वाटेत सात वेळा नट कसावे लागणार. कुणाकडून कसून घेऊ?"

तिनं पाना खाली ठेवला. एक टन जिवंत माल सातशे किलोमीटर चालला होता, आणि त्या मालाच्या मालकाला ती महिनाभर खोटं सांगत आली होती.

"एकदाच कसायचे असतात," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पहिल्या शंभरानंतर. पुढचे सगळे... मी उगीच..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पावतीच्या मागे छापलंय. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, एकदा." तो हसला, पण ते हसू त्याला नीटसं जमलं नाही. "पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

 पेट्या तेवढ्या बोलत होत्या.

"चल ना," तो म्हणाला. महिनाभर 'तुम्ही' होतं. आज निघताना 'तू' झालं. "पुढे दोघांपुरती जागा आहे."

तिनं मान वर केली. आत बाबा एका टायरच्या व्हॉल्व्हला टोपी लावत बसले होते. शेंगदाण्याएवढी टोपी. बोटं थरथरायची, टोपी पडायची. ते वाकून उचलायचे आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचे. मग पुन्हा.

तोही तिकडेच बघत होता.

"पेट्या नीट बांधल्यात ना?" ती म्हणाली.

तो उठला. "बांधल्यात," म्हणाला. "पुढच्या बहराला येईन."

"हवा बघत जा. पंधरा दिवसांतून एकदा. गार टायरची."

"बघीन."

पिकअप हळूच रस्त्याला लागली. मधला मोठा खड्डा आला. गाडी त्यावरून अशी गेली, की एकही पेटी हलली नाही. जाड, उंच कडेचे टायर. काम चोख झालं होतं. ती आत गेली, बाबांच्या हातातून टोपी घेतली आणि लावली.

वर्षानं बहर आला. बागवाल्यानं या खेपेला जवळचाच एक मधवाला ठरवला. त्याला लांबून यावं लागत नव्हतं. तिनं तरी महिनाभर दुकान तासभर आधी उघडलं. समोरून करडी चाकं दोनदा गेली, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाची.

पाकळ्या गळून गेल्या, त्या दिवशी बाबा भिंतीवरच्या काळ्या चाकांकडे बघत बसले होते. हात मांडीवर थरथरत होते.

"मी तुला तेव्हाच डोळ्यांनी खुणावत होतो, बाळ," ते हळूच म्हणाले. "ती काळी दिली असतीस, तर सहा महिन्यांत बेअरिंग घेऊन परत आला असता."

तिनं जुन्या पावत्यांचं बुक काढलं आणि त्याच्या पावतीची नक्कल उघडली. अक्षर खरंच नीट होतं.

टायरांची हमी साठ हजार किलोमीटरची होती.